वाचकांचे प्रश्न : आठ दिवस जमीन दिसत नाही तेव्हा

लहान आलिशान जहाजातून अटलांटिक महासागर ओलांडण्याविषयी मागील अंकात मी लिहिले होते. त्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली, याचा मला फार आनंद झाला. तापी आपल्या दारावरून जाते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, एवढाच खानदेशाचा समुद्राशी संबंध. तरीही पत्रांतील प्रश्न अतिशय नेमके आहेत. मी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढले आणि पुढे अकरा वर्षे अशा जहाजांवर भांडाराचे व प्रवाशांच्या व्यवस्थेचे काम केले. त्या अनुभवाच्या आधारे चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी लिस्बनला असते. येत्या नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून बार्बाडोसला जाणाऱ्या, शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या जहाजातून आम्हा दोघांना न्यावे असे तिच्या मनात आहे. वाटेत आठ दिवस एकही बंदर नाही. मी बासष्ट वर्षांची आहे. यजमान अडुसष्ट वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. इतके दिवस पाण्यावर करायचे काय, आणि प्रकृती बिघडली तर काय? — सेवानिवृत्त भूगोल शिक्षिका, धुळे

उत्तर : ताई, ही जहाजे नोव्हेंबरात महासागर का ओलांडतात, हे आधी सांगते. उन्हाळ्यात ती भूमध्य समुद्रात फिरतात आणि हिवाळ्यात कॅरिबियन बेटांमध्ये. त्यामुळे वर्षातून दोनदा त्यांना अटलांटिक पार करावाच लागतो, आणि जहाज रिकामे नेण्यापेक्षा प्रवासी घेऊन गेलेले बरे, म्हणून ही सफर विक्रीला येते. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळची कॅनरी बेटे ते कॅरिबियनमधील बार्बाडोस हे अंतर सुमारे २,७०० नॉटिकल मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर आहे. चौदा नॉट, म्हणजे ताशी चौदा नॉटिकल मैल वेगाने जहाज दिवसाला सव्वासहाशे किलोमीटर कापते. जळगावहून मुंबईला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यावे, तितके. आपण वर्गात शिकवलेले ईशान्य व्यापारी वारे या वाटेवर पाठीशी असतात. याच वाऱ्यांवर कोलंबस ६ सप्टेंबर १४९२ रोजी कॅनरीमधील ला गोमेरा बेटावरून निघाला आणि १२ ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली. त्याला छत्तीस दिवस लागले. आपल्याला आठ लागतील.

आता दिवस कसा जातो ते पाहू. मोठ्या जहाजांवर साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात आणि तेथे नाटकगृहापासून घसरगुंड्यांपर्यंत सारे असते. आपल्या जहाजावर त्यातले जवळजवळ काहीच नसेल, हे आधी मान्य करून मगच जावे. ‘सीड्रीम’सारख्या जहाजावर ११२ प्रवासी असतात आणि त्यांच्या दिमतीला साधारण ९५ कर्मचारी. तिसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपल्याला नावाने हाक मारतो, चहात साखर किती लागते हेही त्यांना पाठ झालेले असते. मला विचाराल तर या प्रवासातील खरे ऐश्वर्य हेच आहे. संगमरवरी न्हाणीघर आणि रेशमी उशा यांचे कौतुक दोन दिवसांत ओसरते. जेवायला ठरलेली जागा नसते, त्यामुळे आज कोणा डच डॉक्टरांशेजारी तर उद्या स्कॉटलंडच्या शेतकरी जोडप्याशेजारी बसणे होते. ज्यांना अनोळखी माणसांशी बोलणे अवघड जाते, त्यांना मात्र जहाजाचा हा लहान आकार जाचतो, कारण तोंड चुकवायला दुसरा मजलाच नसतो. आपण दोघे कोणत्या स्वभावाचे आहात, हे आपणच ठरवावे.

रोज दुपारी बारा वाजता कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, चोवीस तासांत कापलेले अंतर, वारा आणि जहाजाखालची खोली सांगतो. जहाज समुद्राच्या पाच हजार मीटर खोल भागावरून जाते त्या दिवशी आपला अस्तंभ्याचा डोंगर आठवावा; असे तीन डोंगर एकावर एक रचले तरी शिखर पाण्याबाहेर येणार नाही. पश्चिमेकडे जाताना दर दोन दिवसांनी, पहाटे दोन वाजता, घड्याळ एक तास मागे घेतले जाते. कॅनरी आणि बार्बाडोस यांच्या हिवाळी वेळेत चार तासांचा फरक असल्याने पंचवीस तासांचे चार दिवस मिळतात, आणि विमानप्रवासानंतर होणारा झोपेचा गोंधळ अजिबात होत नाही.

पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले की मी नेहमी ध्रुवताऱ्याचे उदाहरण देते. कॅनरी बेटे अठ्ठावीस अंश उत्तरेस आहेत आणि बार्बाडोस तेरा अंशांवर. म्हणजे वाटेत एक दिवस असा येतो की जहाज नेमके धुळे-जळगावच्या अक्षांशावर, एकवीस अंशांवर असते. माझ्या पहिल्याच सफरीत दुपारच्या घोषणेत एकवीस हा आकडा ऐकला आणि रात्री काम आटोपून मी मागच्या डेकवर गेले. हात ताठ धरून क्षितिजावर एक मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली, आणि दुसऱ्या मुठीच्या अगदी लगत वर ध्रुवतारा होता. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. भुसावळला आमच्या गच्चीवरून तो एवढ्याच उंचीवर दिसतो. त्या रात्री मला घराची आठवण आली, पण घर लांब वाटले नाही. आपण त्या दिवशी यजमानांना सोबत घेऊन हे जरूर करून पाहा. डेकवरचे दिवे थोडा वेळ मंद करण्याची विनंती केली तर लहान जहाजावर ती बहुधा मान्य होते. दिवसा उडणारे मासे दिसतात आणि लहान जहाजाचा डेक पाण्याजवळ असल्याने रात्रीतून एखादा चुकून वरही येऊन पडतो. पुढे पिवळसर सरगॅसम शेवाळाचे लांबच लांब पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढल्यासारखे तरंगताना दिसतात. पक्षी आणि इतर जहाजे मात्र कित्येक दिवस दिसतही नाहीत.

बोट लागण्याचा त्रास होऊ शकतो, आणि लहान जहाज मोठ्यापेक्षा अधिक हलते हे मी लपवणार नाही. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात. त्यांच्यामुळे डावी-उजवीकडचे झुलणे बरेच कमी होते, पण पुढे-मागे होणारे डोलणे ते थांबवू शकत नाहीत. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाकडची केबिन महाग असली तरी तेथे हालचाल सर्वांत जास्त जाणवते. रिकाम्या पोटी राहू नये. कोरडी बिस्किटे, हिरवे सफरचंद, आल्याचा तुकडा यांचा उपयोग होतो, आणि मळमळू लागताच केबिनमध्ये पडून न राहता डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत राहावे. गोळी घ्यायची असल्यास त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. आपल्याकडे यासाठी मिळणाऱ्या ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्या अपायकारक ठरू शकतात. यजमानांसाठी त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

यजमानांच्या प्रकृतीबद्दल मात्र मी अधिक कळकळीने सांगते. जहाजावर एक डॉक्टर असतो, बहुधा एक परिचारिका आणि लहानसा दवाखाना. ते रुग्णाला स्थिर ठेवू शकतात. शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभाग यांची अपेक्षा तेथे करता येत नाही. महासागराच्या मध्यावर दोन्हीकडची जमीन साधारण चार-चार दिवसांवर असते आणि किनाऱ्यावरचे हेलिकॉप्टर तेथवर पोहोचू शकत नाही. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर डॉक्टरांच्या संमतीने खुशाल निघावे. परंतु गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, नवे औषध नुकतेच सुरू झाले असेल किंवा तपासण्या अर्धवट असतील, तर या वर्षी जाऊ नये. मुलीने पैसे भरले आहेत या संकोचाने तर मुळीच जाऊ नये. औषधे दुप्पट घ्यावीत, दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमा असल्याशिवाय तिकीट पक्के करू नये.

व्हिसाबद्दल थोडक्यात : कॅनरी बेटे स्पेनची असल्याने शेंगेन व्हिसा चालतो, पण हीच सफर फ्लोरिडात संपणारी असेल तर अमेरिकेचा व्हिसा निघण्यापूर्वी हाती असावा लागतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत आणि केळीचे उत्पादक आहोत. आठ दिवस भाजी-फळे ताजी राहतात कशी? घरून बिबड्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचे पीठ नेले तर चालेल का? — एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, निम्मे उत्तर आपल्याच वखारीत आहे. केळी तेरा-चौदा अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते, हे आपल्याला सांगायला नको. पालेभाजीला मात्र शून्याच्या जवळची थंडी लागते, म्हणून जहाजावर शीतखोल्या वेगवेगळ्या असतात. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारचा पाला पिवळा पडतो, त्यामुळे केळी आणि पालक एका खोलीत कधीच ठेवत नाहीत. कॅनरी बेटे स्वतःच केळीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथून आम्ही तीन वेगवेगळ्या अवस्थांतील फण्या चढवत असू, एक हळद लागलेली, एक अर्धी आणि एक पूर्ण हिरवी. आमचा भांडारी रोज सकाळी सहाला प्रत्येक फणी हातात घेऊन देठाकडून दाबून पाहायचा, ठिपके पडलेली वेगळी काढायचा आणि ती न्याहारीच्या केकसाठी मुदपाकखान्यात धाडायचा. पाचव्या दिवसानंतर कोवळी पाने संपतात आणि ताटात कोबी, गाजर, संत्री, सफरचंद दिसू लागतात.

शाकाहाराबाबत मात्र गाफील राहू नका. मध्य समुद्रात दुकान नाही. जे शेवटच्या बंदरात चढले नाही, ते आठ दिवस मिळत नाही. परदेशात शाकाहारी म्हटल्यावर अंडे आणि कधीकधी मासेही धरले जातात, आणि भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीच्या हाडांचा रस्सा असू शकतो. म्हणून अंडे, मासे, मांस आणि हाडांचा रस्सा यांपैकी काहीही चालणार नाही, असे शब्दशः लिहून निघण्याच्या दोन महिने आधी कळवावे. लहान जहाजाचा मुख्य आचारी स्वतः येऊन भेटतो आणि आनंदाने डाळ-भात करून देतो. चटणी आणि बिबड्या बंद पाकिटात न्याव्यात. कळण्याचे पीठ नेऊन उपयोग नाही, कारण केबिनमध्ये शेगडी, विजेची कॉइल किंवा किटली लावण्यास सक्त मनाई असते. समुद्रावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. उतरताना बियाणे, रोपे किंवा ताजी फळे सोबत ठेवू नयेत आणि उरलेल्या खाद्यपदार्थांची माहिती कस्टमच्या अर्जात खरी लिहावी.

प्रश्न : मी हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. अशा जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी एका मध्यस्थाने चार लाख रुपये मागितले आहेत. वडील जमीन गहाण ठेवायला तयार आहेत. — एक तरुण, शहादा

उत्तर : जमीन गहाण ठेवू नका आणि एक रुपयाही देऊ नका. नोकरी मिळवून देण्यासाठी दर्यावर्दी कामगाराकडून शुल्क घेण्यास सागरी कामगार करार, २००६ नुसार बंदी आहे आणि भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि सीडीसी हे नाविकाचे ओळखपुस्तक यांचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च मालकाचा. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे नाविकांच्या भरती व नियुक्तीचा परवाना असावा लागतो आणि तो संचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. त्याआधी मान्यताप्राप्त संस्थेत मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करा. आग विझवणे, जीवरक्षक तराफा, प्रथमोपचार हे वेटरलाही यावेच लागते.

काम कष्टाचे आहे. आठवड्याची सुट्टी नसते आणि करार कित्येक महिन्यांचा असतो. नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. आपल्या विश्रांतीच्या नोंदीवर न वाचता सही करू नका. महासागर ओलांडताना बंदर नसल्याने बाहेर पाय टाकायलाही मिळत नाही, आणि पाहुण्यांच्या केबिनला खिडकी असली तरी आपल्या केबिनला बहुधा नसते. तरीही मी अकरा वर्षे राहिले, कारण शंभर पाहुण्यांच्या जहाजावर आपले काम कोणाच्या उपयोगी पडले, ते त्याच संध्याकाळी डोळ्यांनी दिसते.

प्रश्न : संकष्टीचा उपवास जहाजावर सोडायचा कसा? दिनदर्शिकेतील चंद्रोदयाची वेळ चालेल का? — एक गृहिणी, चोपडा

उत्तर : चालणार नाही, ताई. दिनदर्शिकेतील वेळ आपल्या गावांसाठी असते. जहाज रोज वेगळ्या रेखांशावर असते आणि त्यात घड्याळही मागे सरकत असते. तिथी मात्र सगळीकडे एकाच क्षणी बदलते. तिकडे चंद्र आपल्यापेक्षा सहा ते नऊ तासांनी उगवतो, तोवर चतुर्थी संपून पंचमी लागलेली असू शकते आणि तिकडची संकष्टी एक दिवस आधी येऊ शकते. निघण्यापूर्वी आपल्या गुरुजींना तिथीचा आरंभ आणि शेवट विचारून कागदावर लिहून घ्यावा. चंद्रोदयाची नेमकी वेळ जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात मिळते, कारण नाविक पंचांगात ती अक्षांश आणि तारखेप्रमाणे दिलेली असते. दुपारीच फोन करून विचारले तर अधिकारी आनंदाने काढून देतात. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात क्षितिजालगत ढगांची रांग असतेच, त्यामुळे सांगितलेल्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटे पूर्वेकडे, म्हणजे जहाजाच्या मागच्या डेकवर, थांबावे लागेल. मोदकांचे आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे. नारळ भांडारात असतो, गूळ मात्र घरून न्यावा.