पट्टी सेव्ह व्हायला दहा सेकंद लागतात, व्हॅक्यूम फुल मारू का?

नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात. लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी तुमचं सॉफ्टवेअर चालतं. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल १२, सर्व्हरवर उबंटू १८.०४ (लिनक्स), १६ जीबी रॅम. सोयाबीनची आवक वाढली की हिशेबपट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) सेव्ह व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, सीपीयू मात्र १५ टक्क्यांच्या वर जात नाही. डिस्क ९१ टक्के भरलीय. कुणी व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहून मोकळी जागा परत मिळवणारी कमांड) मारा म्हणतंय, कुणी नवा सर्व्हर घ्या म्हणतंय. पट्टी झाली की शेतकऱ्याला एसएमएस जातो आणि तो कोड सेव्हच्याच फंक्शनमध्ये आहे, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

व्हॅक्यूम फुल आत्ता अजिबात मारू नका. नवा सर्व्हरही लगेच नको. सीपीयू रिकामा आणि माणसं खोळंबलेली, म्हणजे डेटाबेसला काम झेपत नाही असं नाही, तो कशाची तरी वाट बघतोय. कशाची, ते पाच मिनिटांत कळतं. गर्दीच्या वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन आत्ता काय करतंय ते दाखवणारा तक्ता) उघडा आणि वेट_इव्हेंट_टाइप हा कॉलम बघा. तिथे बऱ्याच ओळींत 'लॉक' आणि शेजारी 'ट्रान्झॅक्शनआयडी' किंवा 'टपल' दिसलं, तर त्या सगळ्या एकाच ओळीच्या कुलपापाशी अडल्यात. कुणामुळे अडल्यात ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला अडलेल्या कनेक्शनचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) दिला की समजतं. आता ज्याने अडवलंय त्याची स्टेट बघा. ती 'ॲक्टिव्ह' नसून 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल, उघडी ठेवून रिकामं बसलेलं) असेल, तर कुलूप हातात धरून तुमचा ॲप बाहेर कुठेतरी थांबलाय. माझा अंदाज, एसएमएस गेटवेच्या (संदेश पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेच्या) उत्तरासाठी.

असं का होतं ते बघा. पट्टीचा नंबर सलग लागतो, म्हणून तो सिक्वेन्सवरून (डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या क्रमांकावरून) घेता येत नाही. ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झाली तरी सिक्वेन्स मागे येत नाही आणि मधला नंबर गळतो. खरेदीदाराच्या जीएसटी बिलालाही आर्थिक वर्षात सलग अनुक्रम लागतो, तोही १६ अक्षरांच्या आत. त्यामुळे बहुतेक जण काउंटरचं छोटं टेबल ठेवतात आणि त्यातली ओळ अपडेट करून पुढचा नंबर घेतात. पद्धत बरोबरच आहे. पण अपडेट झालेल्या ओळीचं कुलूप कमिट होईपर्यंत (बदल पक्के होईपर्यंत) सुटत नाही. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे एसएमएसचा कॉल असला आणि गेटवेने १.२ सेकंद घेतले, तर तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला नंबर मिळत नाही. आठ ऑपरेटरांनी एकदम सेव्ह दाबलं की आठव्याची पट्टी ९.६ सेकंदांनी निघते. तुमचे 'आठ-दहा सेकंद' इथूनच येत असावेत. नवा सर्व्हर घेतला तरी हे ९.६ सेकंद तसेच राहतील, कारण वेळ गेटवे खातोय.

दुरुस्ती अशी. हमाली, तोलाई, आडत, उचल या सगळ्यांची आकडेमोड आधी करून घ्या, ट्रान्झॅक्शन नंतर उघडा. नंबर शेवटी घ्या, लगेच पट्टीच्या ओळी घाला आणि कमिट करा. हे काही मिलिसेकंदांचं काम आहे. काउंटरची ओळ दुकान आणि आर्थिक वर्ष या जोडीला एक अशी असू द्या, म्हणजे एका आडत्यापायी दुसरा खोळंबणार नाही. एसएमएस थेट पाठवू नका. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे_संदेश' अशा टेबलात फक्त एक ओळ टाका. पट्टी रोलबॅक झाली तर संदेशही आपोआप रद्द होतो, हा वरचा फायदा. वेगळा प्रोसेस त्या टेबलातल्या ओळी फॉर अपडेट स्किप लॉक्ड लावून (दुसऱ्याने कुलूप लावलेल्या सोडून) उचलेल, त्यांच्यावर 'घेतला' अशी खूण करून आधी कमिट करेल आणि मगच गेटवेला कॉल करेल. हा मधला कमिट विसरलात, तर तोच घोळ टेबल बदलून परत येईल. दहा मिनिटांहून जास्त वेळ 'घेतला' स्थितीत अडकलेली ओळ पुन्हा पाठवायची. क्वचित एखाद्याला संदेश दोनदा जाईल, ते चालतं. पट्टी अडलेली चालत नाही.

आता डिस्ककडे येऊ, कारण ती भरण्यामागेही उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनच असण्याची दाट शक्यता आहे. पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट केली की जुनी प्रत जागेवरच राहते आणि नवी लिहिली जाते. जुन्या प्रती ऑटोव्हॅक्यूम साफ करतो, पण एखाद्या चालू ट्रान्झॅक्शनला त्या दिसू शकत असतील तर त्यांना हात लावत नाही. कुणी सकाळी स्क्रीन उघडली, काहीतरी लिहिलं आणि कमिट न करता तसाच चहाला गेला, तर तेव्हापासून मेलेल्या ओळी सगळ्या टेबलांत साचत राहतात. नुसतं वाचून बसलेलं कनेक्शन डीफॉल्ट आयसोलेशनमध्ये एवढा त्रास देत नाही. ज्याने लिहिलंय, किंवा ज्याचा कर्सर उघडा आहे, किंवा जे रिपीटेबल रीडमध्ये (ट्रान्झॅक्शनभर डेटाचं एकच चित्र बघणाऱ्या पातळीवर) आहे, ते त्रास देतं. खातेबाकीच्या टेबलावर व्हॅक्यूम व्हर्बोस (साफसफाईचा तपशील छापणारी साधी कमांड, व्हॅक्यूम फुल नव्हे) चालवा. आउटपुटमध्ये अमुक इतक्या मेलेल्या ओळी 'अजून काढता येत नाहीत' असा मोठा आकडा आला, तर बहुधा कुणीतरी ट्रान्झॅक्शन धरून बसलंय. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत एक्सॅक्ट_स्टार्टनुसार (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेनुसार) क्रम लावा, सगळ्यात जुनी वरती येते.

हे कायमचं थांबवायला ॲपच्या रोलवर (डेटाबेसमधल्या लॉगिनवर) आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ६० सेकंद आणि लॉक_टाइमआउट ५ सेकंद लावा. रिपोर्टसाठी वेगळा रोल करा आणि त्याला स्टेटमेंट_टाइमआउट २ मिनिटं द्या. ऑल्टर रोलने हे रीस्टार्ट न करता होतं, नव्या कनेक्शनपासून लागू होतं. लॉक_टाइमआउटची एरर आली तर ॲपने ती पकडून एकदा पुन्हा प्रयत्न करायला हवा, नाहीतर ऑपरेटरला लाल रंगात एरर दिसेल आणि फोन तुम्हालाच येईल.

ऑटोव्हॅक्यूम बंद तर कधीच करू नका. तो मशीन हळू करतो हा समज फार पसरलाय. उलट मोठ्या टेबलांवर तो डीफॉल्टमध्ये फार उशिरा येतो. स्केल फॅक्टर ०.२ म्हणजे ४० लाख ओळींच्या टेबलात ८ लाख ओळी मेल्याशिवाय तो फिरकत नाही. सतत अपडेट होणाऱ्या टेबलांपुरता ०.०२ करा, म्हणजे ८० हजारांवर येईल. खातेबाकी हे टेबल लहान असलं तरी प्रत्येक पट्टीला, प्रत्येक उचलीला बदलतं. त्याचा फिलफॅक्टर (टेबलाचं प्रत्येक पान किती टक्के भरायचं तो आकडा) ८० ठेवा आणि शिल्लक रकमेच्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असेल तर तो खरंच लागतो का ते तपासा. बदलणाऱ्या कॉलमवर इंडेक्स असला की दर अपडेटला त्या टेबलाच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागते.

व्हॅक्यूम फुलला नाही का म्हणतो? तो टेबलाची नवी प्रत बनवतो, इंडेक्ससकट. तेवढी मोकळी जागा आधी लागते आणि तुमच्याकडे ९ टक्के उरलीय. वर तोपर्यंत त्या टेबलावर साधा सिलेक्टही चालत नाही. आणि पीजी_वॉल (डेटाबेस प्रत्येक बदलाची नोंद आधी जिथे लिहितो ते फोल्डर) असलेली डिस्क ठासून भरली, तर सर्व्हरच पॅनिक होऊन बंद पडतो. म्हणून आधी जागा कुणी खाल्लीय ते मोजा. पीजी_टोटल_रिलेशन_साइझने टेबलं, मग लॉगचं फोल्डर, मग पीजी_वॉल, आणि बॅकअप. बॅकअप त्याच डिस्कवर असतील तर आजच बाहेर हलवा, बहुधा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. पीजी_वॉल फुगलं असेल तर त्यातल्या फाइली हाताने उडवू नका. सर्व्हर परत उठणार नाही अशी पाळी येते. ते बहुतेक दोन कारणांनी फुगतं: या फाइली दुसरीकडे साठवणारी आर्काइव्ह कमांड फेल होतेय, किंवा कधीतरी रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या मशीनवरची चालू प्रत) लावून काढून टाकली आणि तिच्यासाठी फाइली राखून ठेवणारा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये ॲक्टिव्ह फॉल्स असलेला स्लॉट दिसला आणि तो कुणाचाच नाही याची खात्री झाली, की तो काढा. पुढच्या चेकपॉइंटला जागा आपोआप मोकळी होते. एवढं करूनही एखादं टेबल फुगलेलंच असेल, तर पीजी_रीपॅक (टेबल फार न अडवता नव्याने लिहिणारं वेगळं साधन) वापरा. जागा त्यालाही दुप्पट लागते, पण कुलूप फक्त सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर लागतं. टेबलाला प्रायमरी की किंवा नल नसलेल्या कॉलमांवरचा युनिक इंडेक्स मात्र हवा.

खातेउताऱ्याचा रिपोर्ट हळू आहे असंही म्हणालात. तिथे (खाते_क्रमांक, तारीख) असा जोड इंडेक्स लागेल, याच क्रमाने. बरोबर-चिन्हाची अट आधी, 'पासून-पर्यंत'ची नंतर. क्वेरीत तारीख-वेळेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावलं असेल तर हा इंडेक्स तारखेच्या अटीला कामाला येत नाही. त्याऐवजी 'आजच्या शून्य वाजल्यापासून उद्याच्या शून्य वाजायच्या आत' अशी अट लिहा. आणि पट्टीच्या तपशील टेबलातल्या फॉरेन कीवर (मूळ पट्टीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) इंडेक्स आहे ना? मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन तो स्वतः बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. मग एक पट्टी रद्द करताना सगळा तपशील वरून खालपर्यंत वाचला जातो. इंडेक्स चालू दिवसात करायचा असेल तर कॉन्करंटली (लिहिणाऱ्यांना न अडवता) लावा. तोही जुन्या ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघतो, म्हणून वरचे टाइमआउट आधी. मधेच फेल झाला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो हाताने ड्रॉप करून पुन्हा बनवायचा. एक्स्प्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) क्वेरी खरोखर चालवतो हेही ध्यानात असू द्या. अपडेट किंवा डिलीट तपासताना आधी बिगिन, नंतर रोलबॅक.

मेमरीचं फार डोक्यात घेऊ नका. शेअर्ड बफर्स (डेटाबेसची स्वतःची सामाईक मेमरी) १२८ एमबीवरच असतील तर ४ जीबी करा, त्याला रीस्टार्ट लागेल. वर्क_मेम सरसकट वाढवू नका, कारण ती प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळी लागते. फक्त रिपोर्टच्या रोलला ३२ एमबी द्या.

बॅकअप रात्री अकराला होतो म्हणता. म्हणजे दुपारी चारला डिस्क गेली तर त्या दिवशीचे सगळे सौदे गेले. वॉल आर्काइव्हिंग (पीजी_वॉलमधल्या फाइलींची प्रत दुसरीकडे साठवणं) चालू करा, आर्काइव्ह_टाइमआउट ३०० सेकंद, आठवड्याला एक पीजी_बेसबॅकअप (सगळ्या डेटाबेसची पूर्ण प्रत). मग जास्तीत जास्त पाचेक मिनिटांचं काम जाईल. प्रत्येक सेगमेंट १६ एमबीचा असतो, तासाला बारा म्हणजे १९२ एमबी, म्हणून कॉम्प्रेस करून पाठवा. एक प्रत दुकानाबाहेर हवीच. वळवाच्या पावसात विजेचा झटका लाइनमधून आला तर सर्व्हर आणि त्याला जोडलेली बाहेरची डिस्क एकदमच जातात. पीजी_डंप रोल आणि पासवर्ड घेत नाही, ते पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळे काढा. आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून आदल्या दिवशीच्या पट्ट्यांची संख्या आणि रकमेची बेरीज दुकानाच्या वहीशी ताडून बघा. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर आडत्याचे पैसे सोपवणं मला पटत नाही.

वेग वाढवायला कुणी एफसिंक (बदल खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करायला सांगितलं, तर ऐकू नका. वीज सारखी जाते, तेव्हा त्याने डेटाच खराब होतो. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडा आणि बॅटरी कमी झाली की मशीन स्वतः नीट बंद होईल असं लावा. नुसता यूपीएस फक्त अपघात वीस मिनिटं पुढे ढकलतो.

तूर यायला लागायच्या आत, मोंढा बंद असेल तो दिवस धरून, आवृत्ती बदला. १२चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये संपलाय. नवा सर्व्हर घ्यायचाच तर तो या कामासाठी घ्या, पण डेटाचं फोल्डर उचलून नव्या उबंटूवर ठेवू नका. ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ पासून अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदललेत आणि १८.०४ वर २.२७ आहे. नावांवरचे इंडेक्स गुपचूप चुकीचे होतात, असलेला शेतकरी सापडत नाही, युनिक असूनही दुबार नोंद होते. डंप करून नव्यावर रिस्टोअर करा, इंडेक्स तिथे नव्याने बनतात. रिस्टोअर झाला की लगेच ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा, नाहीतर पहिल्या दिवशी सगळ्या क्वेरी आडव्यातिडव्या चालतील.

बुधवारी-गुरुवारी गर्दीच्या वेळचं पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीचं आउटपुट आणि खातेबाकीचं व्हॅक्यूम व्हर्बोस इथे टाका, पुढचं त्यावरून सांगता येईल. क्वेरीच्या कॉलममध्ये शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर दिसतात, ते आधी पुसून टाका.