पेटीतली संगीन कोणाची?

प्रश्न : सासरे गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. त्यात हातभर लांब सुरा निघाला, चामड्याच्या म्यानासकट. पात्यावर मुकुट आणि त्याखाली १९०७. दीर सांगतात, १८५८ साली झाशीच्या राणीसाहेब इथे लढल्या तेव्हा आमच्या पूर्वजांनी ही गोऱ्याच्या हातून हिसकावली. सासूबाईंचं म्हणणं वेगळं : आजेसासरे शिंदे सरकारच्या पलटणीतून ‘मिसर’ला गेले होते, ही त्यांची. मुठीच्या टोकावर ‘४’, इंग्रजीत ‘जी. आय.’ आणि ‘३१२’ असं ठोकलेलं आहे. पेटीत दोन पदकंही आहेत, एक चांदीचं, एक पितळेसारखं. चांदीच्या पदकाच्या कडेला बारीक अक्षरं आहेत, त्यातलं ११८७ तेवढं लागतं. संगीन नक्की कोणाची? घरात ठेवायला परवाना लागतो का? मुलगा अमेरिकेला नेतो म्हणतो. फोटो सोबत जोडले आहेत. – स. कु., जिवाजीगंज, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, पहिल्यांदा दीरांची समजूत घाला. १९०७ हा नमुना ठरल्याचा आकडा आहे. तुमची संगीन नक्की कधी घडली ते त्याच्याच खाली लिहिलेलं आहे. तिसऱ्या फोटोत बोट ठेवलंय तिथे टॉर्च आडवा धरून बघा : ‘१’ आणि जरा सोडून ‘१७’. म्हणजे जानेवारी १९१७. त्याखाली विल्किन्सनचं नाव. कारखाना विलायतेतला. पलीकडच्या अंगाला बाण दिसतो, तो सरकारी मालाचा शिक्का, आणि फुली म्हणजे पातं वाकवून पाहिलं, तुटलं नाही, याची खूण. मुठीच्या टोकाशी आरपार भोक आहे ना? चिखल-वाळू अडकून संगीन बंदुकीवर बसेना, म्हणून १९१६ पासून ते पाडायला लागले. तेही तारखेशी जुळतं. राणीसाहेबांना जाऊन तोवर अठ्ठावन्न वर्षं उलटली होती.

आता सासूबाईंकडे वळू, कारण त्यांच्या बोलण्यात दम आहे. पहिल्या महायुद्धात माधवराव महाराजांच्या फौजेतल्या दोन पलटणी बाहेर गेल्या, पण वेगवेगळ्या दिशांना. तिसऱ्या पलटणीची निम्मी तुकडी पूर्व आफ्रिकेत गेली. नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा बंदरावर इंग्रजांची फजिती झाली त्या मोहिमेत ती होती. चौथी गेली इजिप्तला, म्हणजेच मिसरला. पुढे सप्टेंबर १९१८ मध्ये ती अलवार आणि पतियाळाच्या पलटणींबरोबर विसाव्या हिंदी ब्रिगेडमध्ये, जनरल चेटर यांच्या हाताखाली जॉर्डनच्या खोऱ्यात होती. त्याच फौजेनं २५ सप्टेंबरला अम्मान घेतलं. म्हणून तुमच्या मुठीवरचा ‘४’ मला मोलाचा वाटतो. ‘जी. आय.’ म्हणजे ग्वाल्हेर इन्फंट्री धरायला हरकत नाही. तिथे ‘३’ असता तर सासूबाईंची मिसरची गोष्ट मी बाजूला ठेवली असती.

राहिला ३१२. इथे बहुतेक घरं फसतात. हा शिपायाचा नंबर नव्हे. फौजेत आजही प्रत्येक हत्याराला बट नंबर, म्हणजे त्या हत्याराचा स्वतःचा आकडा, असतो आणि कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, ते त्याच नंबरावर लागतं. ३१२ तसलाच. शिपाई बदलला, रजेवर गेला, वारला, की हत्यार पुढच्याच्या हातात. आजेसासऱ्यांचा नंबर पदकाच्या कडेवर आहे, ११८७. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका, ते जुळणारच नव्हते.

तेव्हा माझं मत असं : पलटण त्यांचीच असणार, हातही त्यांचाच असेल, पण ते संगिनीवरून सिद्ध होत नाही. शिवाय शिपाई घरी परतताना सरकारी संगीन जमा करतो, सोबत नेत नाही. १९५० च्या सुमारास संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या, तेव्हा जुनं सामान बरंच इकडे-तिकडे झालं, आणि आपल्या ग्वाल्हेरच्या कंपू भागाच्या आसपासच्या कबाड्यांकडे असल्या चिजा मी स्वतः पाहिल्यात. सासऱ्यांनी वडिलांची आठवण म्हणून दोन-पाच रुपयांत घेतली असेल, असंही होऊ शकतं. त्यात कमीपणा काही नाही.

खरा ऐवज पदकं आहेत, ताई. चांदीचं ते ब्रिटिश वॉर मेडल : मागे उघडा घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. दुसरं विजयपदक, पंखवाल्या देवतेचं, कांस्याचं. दोन्हींच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीची पदकं लोकांनी सर्रास मोडून खाल्ली. सराफ्यात आटून त्यांचे पैंजण झाले. तुमच्या घरानं जपलं, शाबास. कडेवर खडूची पूड बोटानं चोळा, वरची पुसा, अक्षरात राहील तेवढी राहू द्या. मग खिडकीतल्या उजेडात फोटो काढा. पितांबरी नको, लिंबू नको, चिंच तर नकोच! दिवाळीच्या घासकामात किती शिपायांची नावं मोरीतून वाहून गेली त्याची गणती नाही.

नाव लागलं की शोधाला तोंड फुटेल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत तुमचे आजेसासरे सापडायचे नाहीत, ती यादी मेलेल्यांची. हे घरी परतले. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीकडे पत्र टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतील, पण संस्थानी पलटण ही वेगळी फौज, तिथे वेळ घालवू नका. भोपाळच्या राज्य अभिलेखागारात ग्वाल्हेर दरबारचे कागद आहेत, तिथे नाव, नंबर, पलटण देऊन अर्ज करा. लष्करी खात्याचे कागद आणि पेन्शनीचे, दोन्ही मागा. घरातही पुन्हा शोधा : नावकटीचा (फौजेतून सुटल्याचा) दाखला, पेन्शनीचं पुस्तक, इनामाचा कागद. मोडीत असला तर घाबरू नका, वाचणारे अजून आहेत. आणि एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे तीर्थोपाध्यायांची वही, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं लिहिलेली. समुद्र ओलांडून आलेला त्या काळचा माणूस नाशिक-त्र्यंबकला गेला नसेल असं मला वाटत नाही. घराणं, मूळ गाव, बापाचं नाव सांगून विचारा.

संगिनीचं म्हणाल तर तिला कानस, सँडपेपर लावू नका. शिलाई मशीनचं तेल मऊ फडक्यावर घेऊन पुसा. मुठीचे स्क्रू खोलायचे नाहीत. पावसाळ्यात ती चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. दोन्ही शेजारी-शेजारी, वेगळी ठेवा.

परवान्याचं : शस्त्र नियमांच्या यादीत तलवार-खंजिराच्या जोडीला संगिनीचं नाव आहे. केंद्र सरकारची अधिसूचना ज्या भागाला लागू असेल तिथे असल्या हत्यारालाही परवाना लागतो. ऐकीव सांगण्यावर राहू नका, कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा आणि उत्तर पेटीतच ठेवा. दसऱ्याला पूजा घरात करा, मिरवणुकीत नको.

अमेरिकेचं मनातून काढा. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तुमच्या पात्यावर तर तारीखच ठोकलेली आहे. मुलाला फोटो द्या.

प्रश्न : आमच्याकडे तीनधारी सळईसारखी संगीन आहे, मुठीऐवजी नळी. कापत काहीच नाही. नकली आहे का? – वि. दे., रामबाग, इंदूर

उत्तर : कापायची नाहीच ती, भोसकायची. नळी बंदुकीच्या तोंडावर चढायची. पात्याची लांबी मोजा : सतरा इंचांच्या आसपास भरली तर १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीची, बाविशीच्या घरात गेली तर १८७६ च्या नमुन्याची, मार्टिनी-हेन्रीची. नकला बाजारात खूप आहेत. अस्सल नळीवर शिक्के असतात आणि ते वापरानं झिजलेले असतात. सगळी अक्षरं कोरीकरकरीत दिसली की संशय धरा. लांबी आणि शिक्क्यांचे फोटो पाठवा, पुढच्या अंकात बघू.