काहींची निरीक्षणशक्ती आणि स्मरणशक्ती इतकी अफाट कशी असते? ती जन्मजातच असते का?

बहुतेकांची कामातून घडते. म्हापशाच्या बाजारात मासळीवालीपाशी जरा थांबून बघा. बांगड्याचा कल्ला उचलला की एका नजरेत ताजा-शिळा ओळखते, शिवाय कोणाची किती उधारी हेही तोंडपाठ! मला हे कुठल्याही विक्रमापेक्षा मोठं वाटतं. लंडनचे टॅक्सीचालक सुमारे २५,००० रस्ते पाठ करतात. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं.

उपजत देणगीही असते. रशियाच्या सोलोमन शेरेशेव्स्कीला लांबलचक याद्या वर्षानुवर्षं आठवत, कारण शब्द ऐकताच त्याला रंग दिसत, चवी जाणवत. चेहरे मात्र लक्षात राहत नसत. हावभाव बदलला की तोच माणूस त्याला वेगळा वाटे.