५०० मिमी व्यासाच्या, १२ मीटर लांब स्टीलच्या पाइपात पूर्ण व्हॅक्यूम असेल, तर भिंतीची जाडी किती घ्यावी? माझं उत्तर ०.२ मिमी येतंय, ते बरोबर आहे का?

आकडेमोड बरोबर आहे, सूत्र चुकलंय. बाहेरच्या हवेचा ०.१ मेगापास्कल दाब आणि १२५ मेगापास्कल अनुज्ञेय ताण हूप स्ट्रेसच्या (भिंतीत घेराच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या) सूत्रात घातले की ०.२ मिमी येणारच. पण एवढ्या पातळ पत्र्याचा ५०० मिमीचा पाइप व्हॅक्यूम पंपाची वाटही बघणार नाही, उचलतानाच चेपेल.

आतला दाब पाइपाला गोल करत जातो. बाहेरचा दाब नेमकं उलटं करतो: जिथे किंचित चपटेपणा असेल तिथेच तो आणखी दाबतो. म्हणून स्टील यिल्ड व्हायच्या (म्हणजे कायमचं ताणलं किंवा दबलं जायच्या) कितीतरी आधी पाइप बसतो. हे बकलिंग. लांब आणि पातळ पाइपासाठी:

बसण्याचा दाब = [२ × ई ÷ (१ − न्यू²)] × (जाडी ÷ व्यास)³

ई म्हणजे यंगचा मापांक (स्टीलच्या ताठपणाचं माप), न्यू म्हणजे पॉइसनचं गुणोत्तर, आणि व्यास भिंतीच्या मध्यावर मोजलेला. स्टीलला ई २,००,००० मेगापास्कल आणि न्यू ०.३ धरलं की कंसाची किंमत सुमारे ४,४०,००० येते. सुरक्षा गुणांक ३ घ्या, म्हणजे पाइप ०.३ मेगापास्कलला बसेल असा हवा. जाडी ÷ व्यास ०.००८८, जाडी ४.४ मिमी. तुमच्या उत्तराच्या बावीसपट!

३ जास्त वाटत असेल, तर लक्षात घ्या की हे सूत्र अगदी गोल पाइपाचं आहे आणि तसा पाइप कुठल्याच मिलमधून येत नाही. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या प्रेशर व्हेसलच्या नियमावलीतली (सेक्शन ८, डिव्हिजन १) यूजी-२८ ची पद्धतही साधारण एवढाच गुणांक ठेवते.

सूत्रात यिल्ड स्ट्रेंथ कुठेच नाही, हेही बघा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वरच्या ग्रेडचं स्टील घेऊन जाडी कमी केली होती. साहेबांनी कागदावर ‘ई बदलला का?’ एवढंच लिहून परत पाठवला; ग्रेड कुठलाही असो, ई जवळपास तोच राहतो. पाइप जाड असेल, तर मात्र यिल्ड आधी येतं. २५० मेगापास्कल यिल्डच्या स्टीलमध्ये व्यास जाडीच्या तीसपटीच्या आसपास आला की दोन्ही दाब सारखे होतात. त्याच्या जवळपास असाल तर दोन्ही तपासा.

तुमचा पाइप १२ मीटर लांब आहे, त्यामुळे वरचं लांब पाइपाचं सूत्र लागू पडतं. मधे स्टिफनर रिंगा (पाइपाला ताठ ठेवणारी कडी) टाकल्या तर चित्र बदलतं. बॉयलरच्या नळ्या जितक्या लांब तितक्या कमी दाबाला बसतात, हे फेअरबर्न या ब्रिटिश अभियंत्याने १८५८ मध्येच प्रयोगांवरून मांडलं होतं. दर २ मीटरला रिंग दिली, तर ३ मिमीचा पाइपसुद्धा आखूड नळीच्या सूत्राने सुमारे ०.३६ मेगापास्कलपर्यंत टिकतो. अट एवढीच की रिंग स्वतः पुरेशी ताठ हवी. पट्टी नुसती टाचून भागत नाही. आणि ६ मीटरवर एखादी रिंग देऊन ४.४ मिमीच्या पाइपात काहीच हाती लागत नाही.

रिंगा नको असतील, तर ४.४ मध्ये गंजासाठी १ मिमी मिळवा, सीमलेस (बिनजोड) पाइपाच्या १२.५ टक्के मिल टॉलरन्ससाठी (जाडी तेवढी कमी भरू शकते) ०.८७५ ने भागा. ६.२ मिमी येतात. २० इंची पाइपात शेड्यूल १० ची (जाडीच्या ठरलेल्या वर्गाची) जाडी ६.३५ मिमी असते, तोच घ्या.