ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीने ट्रॅफिक सुटेल का?

प्रश्न: माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. रात्री ऑफिसमधून उशीर झाला की ती वेमोची बिनड्रायव्हरची टॅक्सी मागवते, आणि म्हणते की आई, आता शहरांचं ट्रॅफिक सुटणार बघ. खरंच सुटेल का? मे महिन्यात मी तिच्याकडे चाललेय, त्या गाडीत एकटीने बसावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: ट्रॅफिक सुटेल असं मला अजिबात वाटत नाही. ड्रायव्हर नसला तरी गाडी रस्त्यावर तेवढीच जागा अडवणार ना, उलट एकाला सोडून दुसऱ्याला घ्यायला जाताना ती रिकामीच फिरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या संशोधकांनी त्याच भागातल्या १३ जणांना एक आठवडा फुकट ड्रायव्हर दिला होता, गाडी आपली आपण चालायला लागली तर माणसं काय करतील ते बघायला, आणि झालं काय तर गाड्यांचं रनिंग तब्बल ८३ टक्क्यांनी वाढलं, त्यातलं साधारण एकपंचमांश मालक गाडीत नसताना, कुणाला तरी आणायला-सोडायला नाहीतर सामान आणायला पाठवलं म्हणून. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं मावतात, त्यामुळे शहराने पैसा आधी बसवर घालावा असं माझं ठाम मत आहे, तिकडे काय आणि पुण्यात काय. पण दृष्टिहीन माणसाला कुणाची वाट न बघता निघता येतं, रात्री एकट्या बाईला अनोळखी ड्रायव्हरसोबत बसावं लागत नाही, हा फायदा मोठा आहे आणि तो मला मनापासून पटतो.

आता भीतीचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथेच क्रूझ कंपनीच्या गाडीने, दुसऱ्या गाडीची धडक बसून समोर पडलेल्या एका बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं होतं, त्यानंतर क्रूझचं लायसन्स थांबवलं आणि २०२४ च्या शेवटी तिची मालक कंपनी जनरल मोटर्सने त्या टॅक्सीचा नादच सोडला. म्हणजे भीती उगाच नाही. वेमो मात्र तिथे चालू आहे आणि तुमची मुलगी नेहमी बसते, तेव्हा पहिल्यांदा तिच्यासोबतच बसा. टपावरच्या गोल डब्यावर मुलीच्या नावाची आद्याक्षरं दिसतील, ती बघूनच दार उघडा, मागे बसून बेल्ट लावा. स्टिअरिंग आपोआप फिरताना बघून पोटात गोळा येईल, तेव्हा समोरच्या स्क्रीनवर गाडी बाजूला घ्यायचं बटण असतं आणि कंपनीच्या माणसाशी बोलताही येतं, ते कुठे आहे ते निघायच्या आधीच मुलीकडून बघून ठेवा.