गाडीचा दवाखाना : घाटात गिअर सोडणारी गाडी

प्रश्न : माझ्याकडे २०१७ची छोटी एएमटी (क्लचचं पेडल नसलेली) गाडी आहे, ६८ हजार किलोमीटर झालेत. चिपळूणहून कराडला दर पंधरा दिवसांनी आईकडे जाते. गेल्या दोन खेपांना कुंभार्ली घाटात ट्रकमागे चढताना जळका वास आला, पडद्यावर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला, टीं-टीं वाजलं आणि गाडी उचलेनाशी झाली. अर्धा तास बाजूला उभी केली की ठीक. सपाटीवर काहीच त्रास नाही. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा ॲक्ट्युएटर बदला. खर्च ऐकून मी घाबरले आहे. – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, ॲक्ट्युएटरचे पैसे अजिबात भरू नका. आधी हे पत्र पूर्ण वाचा.

तुमच्या गाडीतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच आहे. क्लच प्लेटही तीच, कोरडी. फरक एवढाच, की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा ॲक्ट्युएटर करतो. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून या गाड्या रुळल्या, आणि तेव्हापासून लोक त्यांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. त्या नावानंच घोळ होतो. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल फिरतं, तिथं जळायला क्लच प्लेट नसते. तुमच्या गाडीत आहे.

आता तुम्हीच लिहिलेलं बघा. गाडी तापल्यावर बिघडते, थंड झाल्यावर सुधारते, सपाटीवर तक्रार नाही, आणि वास जळका. ॲक्ट्युएटरचा पंप किंवा त्याची इलेक्ट्रिक बाजू गेली असती, तर सकाळी अंगणातसुद्धा गाडीनं गिअर घ्यायला कुरकुर केली असती. ती टीं-टीं म्हणजे क्लच तापल्याचा इशारा. ट्रक थांबला की तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता, की ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर धरून ठेवता? मला दुसरं वाटतं. तसं केलं की प्लेट हाफ क्लचवर, म्हणजे अर्धवट पकडलेली, घासत राहते. मॅन्युअल गाडीत डावा पाय दुखला की आपण सोडतो; इथं यंत्राचा पाय दुखत नाही.

तरी खात्री करून घ्या. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा आणि कान द्या. बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ असा आवाज येईल, काही सेकंदांत थांबेल. तो पंप दाब भरतोय. मग किल्ली ऑन करा, इंजिन लावू नका, गिअरला हात लावू नका, आणि तसंच बसून राहा. पंप गप्प राहिला तर दाब टिकतोय. दर अर्ध्या मिनिटाला घूं-घूं करायला लागला तर दाब कुठंतरी निसटतोय. पाटणच्या एका गाडीत मला हेच सापडलं होतं. दाब साठवून ठेवणारा ॲक्युम्युलेटर, मुठीएवढा गोळा, त्यातला गॅस संपला होता. तेवढा गोळा बदलला, पूर्ण संच तसाच राहिला, गाडी आजही पळतेय. (तो गोळा घरी खोलू नका. आधी स्कॅनरनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानं, दाब सोडावा लागतो.)

बॅटरीही तपासून घ्या. ती कमजोर असली की पंपाला जोर मिळत नाही आणि दोष उगाच गिअरच्या माथी बसतो.

पंप ठीक निघाला तर क्लचची परीक्षा अशी : मोकळ्या चढावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर घेऊन ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग चढला नाही, तर प्लेट घसरतेय. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच घाला, कारण उतरवायची मजुरी दोनदा कशाला? प्लेट ज्या चकतीवर घासते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणजे फार तापल्याची खूण, आहेत का, ते स्वतः उभं राहून बघा.

आणि एक गोष्ट कागदावर लिहून न्या : नवी प्लेट बसवल्यावर स्कॅनरनं ‘क्लच लर्निंग’ करायचंच. प्लेट नेमकी कुठं पकडते, हे कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ आले. नवी कोरी प्लेट, तरी गाडी पहिल्या गिअरला बेडकासारखी उड्या मारत होती. त्यांना कुणीतरी गिअरबॉक्सच बदलायला सांगितलं होतं. मी स्कॅनर लावून लर्निंग केलं, गाडी लोण्यासारखी निघाली. त्यांनी पेन्शनीतून पैसे काढायची तयारी केली होती, ते आठवलं की अजून राग येतो.

पुढच्या खेपेला घाटात ट्रक थांबला तर ब्रेक दाबा, जास्त वेळ असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवूनच गिअर टाका, ॲक्सिलरेटर द्या, गाडी ओढ घेतेय असं वाटलं की हँडब्रेक सोडा. चढावर मॅन्युअल मोडमध्ये पहिला-दुसरा स्वतः धरून ठेवा.

प्रश्न : एएमटीला ‘पी’ (पार्किंग) नाही. उतारावर गाडी कशी लावू? – एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय न काढता गिअरमध्ये टाका, आणि गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करा. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर डी (ड्राइव्ह). पडद्यावर गिअर दिसला की मगच पाय काढा. न्यूट्रलमध्ये कधीच सोडू नका. चाकामागे दगड लावलात तर निघताना काढून बाजूला टाका, मागच्या दुचाकीवाल्यासाठी.

चिपळूणच्या ताई, पंप किती वेळानं पुन्हा वाजला, ते घड्याळ लावून कळवा.