उप्सालातील ‘इन्स्पेक्टर’ आणि एका वडिलांची तक्रार

कोल्हापूर जिल्ह्यातील एका पालकांचे पत्र थोडक्यात असे:

‘माझी मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून गेल्या वर्षी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात एम.एस्सी.साठी गेली. घर तारण ठेवून कर्ज काढले. तिथे ती स्मोलंड्स नेशन नावाच्या विद्यार्थी संघटनेत शिरली आहे. तिने पाठवलेल्या फोटोत ती अॅप्रन घालून भल्यामोठ्या पातेल्यापाशी उभी आहे. आता एक वर्ष अभ्यास थांबवून तिथली क्युरेटर व्हायचे म्हणते. मी स्वतः वसतिगृहात पीठ दळून आणि पंगतीला वाढून शिकलो. मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणूनच एवढे केले. त्या संघटनेवर एक प्राध्यापक इन्स्पेक्टर म्हणून असतात असे कळले. त्यांना पत्र लिहून तिचे नाव कमी करायला सांगावे, की तिला परत बोलावून नेट-सेटला किंवा एमपीएससीला बसवावे? तीन आठवडे मी तिच्याशी बोललेलो नाही.’

आदरणीय महोदय,

आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा मला त्याचीच काळजी वाटते. उत्तर युरोपातल्या लांबलचक हिवाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास अंधारून येणाऱ्या गावात, आपली मुलगी एकटी राहते आहे आणि तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणे बंद केले आहे. तिने फोटो लपवला नाही, स्वतः होऊन आपल्याला पाठवला. ज्या मुलीला आपल्या कामाची लाज वाटते, ती असा फोटो घरी पाठवत नाही. तिला तो आपल्याला दाखवावासा वाटला, आणि त्याचे उत्तर म्हणून तिला अबोला मिळाला. हे मला योग्य वाटत नाही, आणि तसे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

पीठ दळून आणि पंगतीला वाढून शिकल्याचे आपण लिहिले आहे. ते दिवस कष्टाचे होते यात शंका नाही. परंतु त्याच वसतिगृहात आपल्याला हिशेब ठेवण्याची, अनोळखी मुलांबरोबर नमते-जुळते घेण्याची आणि शंभर जणांचे जेवण वेळेवर उतरवण्याची सवय लागली असणार. ज्या शाहू महाराजांच्या नगरीत वसतिगृहांनी पिढ्या घडवल्या, त्या जिल्ह्यातल्या माणसाला हे मी निराळे सांगायला नको. मुलीवर ती वेळ आली नाही, तिने ते काम आपणहून पत्करले आहे.

आता ज्या गैरसमजातून पत्र लिहिले गेले त्याविषयी. ‘नेशन’ म्हणजे राजकीय संघटना नव्हे, आणि निवडक श्रीमंत मुलांचा क्लबही नव्हे. दूरदूरच्या प्रांतांतून उप्सालाला शिकायला आलेल्या मुलांनी 17व्या शतकात आपापल्या मुलखाच्या नावाने मंडळे काढली. स्मोलंड हा दक्षिण स्वीडनमधला तसा एक प्रांत. विद्यापीठाला सुरुवातीला ही मंडळे बेशिस्तीची घरे वाटत होती. 1663 मध्ये विद्यापीठाने त्यांना मान्यता दिली ती एका अटीवर, की प्रत्येक नेशनवर एक प्राध्यापक देखरेखीसाठी असेल. तोच हा ‘इन्स्पेक्टर’. हा शब्द ऐकून आपल्यासमोर पोलीस ठाण्यातला किंवा शाळा तपासायला येणारा अधिकारी उभा राहिला असावा. प्रत्यक्षात आज हे मानाचे पद आहे. विद्यार्थीच त्या प्राध्यापकाला निवडतात, आणि नेशन व विद्यापीठ यांच्यामधला तो विश्वासाचा दुवा असतो. रोजचा कारभार, म्हणजे इमारत, खोल्या, स्वयंपाकघर, ग्रंथालय, समारंभाची जेवणे आणि पैसा, हे सारे क्युरेटर म्हणून निवडून आलेले विद्यार्थी पाहतात. उप्सालात अशी 13 नेशन्स आहेत. 2010 पर्यंत सदस्यत्व सक्तीचे होते, आता ऐच्छिक आहे, आणि कोणत्याही देशाचा विद्यार्थी आवडेल ते नेशन निवडू शकतो. इन्स्पेक्टर असलेल्या अशा गृहस्थांना पत्र पाठवून सज्ञान मुलीचे नाव कमी करायला सांगितले, तर नाव कमी होणार नाही, मात्र मुलीला तिथे मान वर करणे अवघड होईल. ते पत्र कृपया लिहू नये.

स्मोलंड्स नेशनच्या इन्स्पेक्टरपदाच्या गादीवर एकेकाळी कोण होते, हे आपल्या मुलीला नक्की ठाऊक असेल. तिच्या पाठ्यपुस्तकात आंब्याच्या शास्त्रीय नावापुढे जो ‘एल.’ छापलेला असतो, तो म्हणजे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस. त्याने 1753 मध्ये आपल्या आंब्याला ‘मँगिफेरा इंडिका’ हे नाव दिले. तो स्मोलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता आणि मुलानेही धर्मोपदेशकच व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. स्मोलंडमधल्याच व्हेक्शो गावच्या शाळेत वडील चौकशीला गेले, तेव्हा शिक्षकांनी सांगितले की याला शिकवण्यात अर्थ नाही, एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला. रोथमन नावाचे डॉक्टर तिथे शिकवत होते. त्यांनी मात्र मुलाला वैद्यक शिकवावे असे सुचवले आणि स्वतः तो भार उचलला. वडिलांनी मन मोठे करून ते मान्य केले. 1728 मध्ये उप्सालाला आलेला हा मुलगा इतका गरीब होता की फाटक्या बुटांत कागद घालून चालत असे. पुढे तो प्राध्यापक झाला, आपल्या प्रांताच्या नेशनचा इन्स्पेक्टर झाला, आणि शेकडो विद्यार्थ्यांना घेऊन शेतांतून, कुरणांतून वनस्पती शोधत फिरला. शिक्षकांच्या निकालपत्रावर वडिलांनी तिथेच शिक्का मारला असता, तर यांपैकी काहीही घडले नसते.

तरीही क्युरेटर होण्याच्या बेताला मी आज पाठिंबा देणार नाही, आणि हे मुलीलाही वाचून दाखवावे. कारण भांडी नव्हे, परवाना आहे. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला स्वीडनमध्ये राहण्याचा परवाना शिक्षणासाठी मिळतो, आणि तो वाढवताना अभ्यासात किती प्रगती झाली ते पाहिले जाते. क्युरेटरपद बहुधा पूर्णवेळचे असते. एक वर्ष अभ्यास थांबवला तर मुदतवाढ अडचणीत येऊ शकते, आणि मग कर्ज तसेच राहून पदवी अर्धी राहील. स्वीडिश सहाध्यायी हे वर्ष देऊ शकतो, कारण त्याला परवाना लागत नाही. आपल्या मुलीने स्थलांतर विभागाकडे आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्लागाराकडे लेखी विचारणा केल्याशिवाय कोणालाही होकार देऊ नये. ग्रंथालय, गायनवृंद, स्वयंपाकघर अशा लहान जबाबदाऱ्या अभ्यास सांभाळून घेता येतात. त्या तिने अवश्य घ्याव्यात.

नेट, सेट आणि एमपीएससी हे मार्ग एम.एस्सी. झाल्यावरही मोकळे आहेत, त्यांच्यासाठी तिला आज परत बोलावण्याची गरज नाही. उलट आपण दोघांनी स्वीडनमधील पीएच.डी.ची माहिती घ्यावी. तिथे पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक ठिकाणी पगारी कर्मचारी असतो आणि जागा नोकरीसारख्या जाहिरात देऊन भरतात. त्या निवडीत तिचा प्रबंध आणि मार्गदर्शकांचे मत यांना वजन असते. म्हणून पुढील दोन सत्रे प्रयोगशाळेला द्यावीत, हा माझा तिला आग्रहाचा सल्ला आहे. कर्जफेडीची आपली चिंताही या वाटेने सर्वांत लवकर हलकी होईल.

हे सारे मी तिला परस्पर कळवणार नाही. येत्या रविवारी संध्याकाळी आपणच फोन करावा. तिकडे तेव्हा दुपार असेल. परवान्याचा विषय लगेच काढू नये. आधी त्या पातेल्यात काय शिजत होते आणि किती जणांसाठी, ते विचारावे, आणि ती सांगेल तेवढे ऐकून घ्यावे.